जिओबॅक्टरचे विद्युतवाहक तंतू: वाढवणं, उतरवणं आणि खात्री करून घेणं

जिओबॅक्टर सल्फररिड्यूसेन्स वाढवायला फार अवघड, असा समज आहे. खरं तर हा जंतू निमूटपणे वाढतो. त्याच्या अंगावरचे तंतू उतरवून घेणंही ब्लेंडर आणि बरा सेंट्रीफ्यूज असलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेत जमतं. घाम फुटतो तो त्यापुढे. ट्यूबच्या तळाशी बसलेला थर नेमका कोणत्या प्रथिनाचा आहे? आणि मीटरवर दिसणारा करंट त्या प्रथिनातून वाहतोय की त्याला धरून बसलेल्या पाण्या-मिठातून? आम्ही वापरतो ती पद्धत पुढे दिली आहे. तिच्यातल्या निम्म्या पायऱ्या या दोन प्रश्नांसाठीच आहेत, म्हणून घाईत गाळू नयेत.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचा संशय कळणार नाही. 2005 साली अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेरेक लव्हली यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की या जंतूच्या अंगावरचे केसासारखे तंतू वीज वाहून नेतात. हे तंतू म्हणजे पिलए या जेमतेम 61 अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे पिलाय, (अनेक जंतूंना असणारे प्रथिनाचे बारीक केस) असं तेव्हा मांडलं गेलं आणि पुढची कैक वर्षं तेच गृहीत धरून काम झालं. 2019 साली क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने या तंतूंची रचना ‘सेल’मध्ये छापून आली. ते काम व्हर्जिनियाचे एगलमन, येलचे निखिल मालवणकर आणि अर्व्हाइनचे हॉखबाउम यांच्या गटांचं होतं. तंतू निघाला ओएमसीएस या सायटोक्रोमचा, म्हणजे हीमवाल्या प्रथिनाचा: एकापुढे एक जोडलेले रेणू, प्रत्येकात सहा हीम (इलेक्ट्रॉन पुढे देणारे लोहयुक्त घटक), सगळे हीम तंतूच्या पोटातून एका ओळीत. पुढे आठ हीमांच्या ओएमसीझेडचे आणि चार हीमांच्या ओएमसीईचेही तंतू सापडले. 2021 साली येलच्या गटाने असंही मांडलं की पिलाय स्वतः फारसे वाहक नाहीत. सायटोक्रोम पेशीबाहेर ढकलण्याच्या कामी ते येतात. अ‍ॅमहर्स्टचा गट मात्र पिलायच वाहक आहेत या म्हणण्यावर ठाम राहिला.

यात आमची भूमिका सरळ आहे. वन्य पीसीए स्ट्रेनमधून या पद्धतीने जे उतरतं त्यात हीमवाले तंतू भरपूर असणार, असं आधी धरून चालायचं. ‘माझ्याकडे शुद्ध पिलाय आहेत’ असं ज्याला म्हणायचं आहे त्याने ते सिद्ध करून दाखवावं.

जंतू आणि माध्यम

पीसीए स्ट्रेन (या जंतूचा वाण) जर्मनीच्या संग्रहात डीएसएम 12127 आणि अमेरिकन संग्रहात एटीसीसी 51573 या क्रमांकांनी मिळतो. केएन400 हा दुसरा स्ट्रेन इलेक्ट्रोडवर निवडून काढलेला आहे. त्याला तंतू जास्त येतात म्हणून अनेकांना मोह होतो, पण त्याच्या अंगावर कशाभिका (पोहण्याचे शेपटीसारखे धागे) असतात आणि ब्लेंडर कशाभिकाही तेवढ्याच तत्परतेने तोडतो. सुरुवातीला पीसीएच बरा.

माध्यम नेहमीचं ‘एनबीएएफ’. एका लिटरला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.42 ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट 0.22, अमोनियम क्लोराइड 0.2, पोटॅशियम क्लोराइड 0.38, सोडियम क्लोराइड 0.36, कॅल्शियम क्लोराइड 0.04, मॅग्नेशियम सल्फेट 0.1, सोडियम बायकार्बोनेट 1.8 आणि सोडियम कार्बोनेट 0.5 ग्रॅम. शिवाय खनिजांचं आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण प्रत्येकी 10 मिलिलिटर. खनिजांच्या मिश्रणातल्या लोहाकडे लक्ष हवं. हीम बनवायला लोह लागतं. ते कमी पडलं तर जंतू वाढतो, पण सायटोक्रोम रोडावतात. एरवी या जंतूचा पेलेट (सेंट्रीफ्यूजमध्ये तळाशी बसलेला गोळा) पिकलेल्या पीचसारखा तांबूस-केशरी दिसतो. तो फिकट, पांढुरका निघाला तर तंतू काढायच्या भानगडीत न पडता आधी खनिजांची बाटली तपासावी.

अन्न म्हणून सोडियम अ‍ॅसिटेट आणि इलेक्ट्रॉन घ्यायला फ्युमरेट. निर्जल अ‍ॅसिटेट 1.64 ग्रॅम घेतलं की 20 मिलिमोलर होतं, डायसोडियम फ्युमरेट 6.4 ग्रॅम घेतलं की 40. फ्युमरेटचा डायसोडियम क्षारच मागवावा. फ्युमरिक आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं; तेच हाताशी असेल तर दुप्पट मोलमात्रेने सोडियम हायड्रॉक्साइड घालून उदासीन करून घ्यावं लागतं.

आता या दोन आकड्यांचा हिशेब. अ‍ॅसिटेटच्या एका रेणूचं पूर्ण ज्वलन झालं की आठ इलेक्ट्रॉन सुटतात. फ्युमरेटचा एक रेणू दोनच घेतो आणि सक्सिनेट होतो. म्हणजे 20 मिलिमोलर अ‍ॅसिटेट खपवायला 80 मिलिमोलर फ्युमरेट लागेल, आणि आपण दिलंय निम्मं. काही अ‍ॅसिटेट पेशीची घडण करण्यात जातं, तरीही आधी संपतं ते फ्युमरेटच. हे मुद्दाम आहे. इलेक्ट्रॉन कुठे टाकायचे ही अडचण आली की जंतू बाहेरची तजवीज करू लागतो, आणि आपल्याला तीच हवी आहे. ‘फ्युमरेट वाढवलं तर पीक वाढेल’ असं म्हणून कोणी 80 घातलं तर ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींची गर्दी) वाढेल, तंतू त्या प्रमाणात वाढतीलच असं नाही.

माध्यमातून ऑक्सिजन घालवायला 80:20 नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लागतं. सिलिंडरमधल्या गॅसमध्येही किंचित ऑक्सिजन असतोच, म्हणून तो तापवलेल्या तांब्याच्या नळीतून नेतात. नुसता नायट्रोजन स्वस्त पडतो म्हणून कोणी तोच सोडला की घोटाळा होतो. बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांबरोबर निघून जातो, पीएच आठच्या वर चढतो आणि कॅल्शियम-फॉस्फेटचा पांढरा गाळ बाटलीच्या तळाशी बसतो. मिश्र गॅसवर पीएच 6.8 ते 7 च्या दरम्यान राहतो.

160 मिलिलिटरच्या सीरम बाटलीत 100 मिलिलिटर माध्यम घेऊन अर्धा-पाऊण तास द्रवातून आणि मग काही मिनिटं वरच्या मोकळ्या जागेतून गॅस सोडायचा. नंतर जाड ब्युटाइल रबराचं बूच लावून अ‍ॅल्युमिनियमची टोपी क्रिम्प करायची. साध्या रबरातून ऑक्सिजन झिरपतो. बाटली दोन दिवसांत ‘उघडी’ होते आणि कळतही नाही. कळावं म्हणून लिटरला मिलिग्रॅमभर रेझाझुरिन घालतात. ते आधी निळं, मग गुलाबी आणि ऑक्सिजन पुरता गेला की बिनरंगी होतं. ऑटोक्लेव्हनंतर बाटली थंड झाल्यावर बुचाशी पुन्हा गुलाबी छटा दिसली तर ती बाटली बाजूला. जीवनसत्त्वं उष्णतेने मरतात म्हणून गाळून, नंतर सिरिंजने घालायची. सिरिंज दरवेळी ऑक्सिजनविरहित गॅसने तीनदा भरून रिकामी करायची. या एका सवयीने निम्मी रडगाणी संपतात.

एकास दहा प्रमाणात इनॉक्युलम (बियाणं म्हणून आधीचं कल्चर), 30 अंशांवर दोन-तीनदा पुनर्वाढ, आणि शेवटची मोठी वाढ 25 अंशांवर. 25 अंशांवर वाढ मंदावते, पण फ्युमरेटवर तंतू यायला हेच तापमान मानवतं. 600 नॅनोमीटरवर ओडी साधारण 0.5-0.6 च्या आसपास थांबते. ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जंतूची सवय असलेल्याला हे पीक किरकोळ वाटतं. ते तसं आहेच. एका लिटरमागे तंतू मिलिग्रॅमांत मोजायचे. म्हणून पाच-दहा लिटर एकदमच करावं.

भेसळीची तपासणी दर पिढीला हवी. थेंबभर कल्चर एलबी प्लेटवर (सामान्य जंतूंच्या पोषक माध्यमावर) पसरून उघड्या हवेत ठेवायचं. काहीही उगवलं नाही पाहिजे. बाटली उघडताच सडक्या अंड्याचा वास आला तर सल्फेट खाणारे पाहुणे घुसलेत. एका रात्रीत ओडी एकच्या वर गेली तर आनंद मानू नये, तो जिओबॅक्टर नव्हे.

इलेक्ट्रोडवर वाढवायचा दुसरा मार्ग आहे. ग्राफाइटला पोटेन्शिओस्टॅटने (ठरावीक व्होल्टेज राखणाऱ्या यंत्राने) सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत +300 मिलिव्होल्टवर धरायचं आणि फ्युमरेट काढून टाकायचं. थर जाड येतो, खरवडून घेता येतो. मात्र अशा थरात ओएमसीझेडचा वाटा मोठा असतो, म्हणजे तुम्ही तंतूची जातच बदलता. फ्युमरेटच्या बाटलीतले आणि इलेक्ट्रोडवरचे तंतू एकाच ट्यूबमध्ये मिसळू नयेत.

तंतू उतरवणं

पेशी गोळा करताना ऑक्सिजनची धास्ती सोडून द्यावी. हा जंतू थोडा वेळ हवा सोसतो, आणि तंतू तर हवेत खुशाल राहतात. सेंट्रीफ्यूजमध्ये 8,000 जीला (गुरुत्वाकर्षणाच्या 8,000 पट) 15 मिनिटं, 4 अंशांवर.

पेलेट 150 मिलिमोलर इथॅनॉलअमाइनमध्ये, पीएच 10.5 ला. लिटरला सुमारे 9 मिलिलिटर इथॅनॉलअमाइन घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच खाली आणायचा. द्रव दाहक आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. मग साधा काचेचा ब्लेंडर, कमी वेगाने दोन मिनिटं. जार आधी बर्फात गार केलेला असावा आणि वरपर्यंत भरलेला असावा. अर्धा रिकामा ठेवला तर फेस होतो, आणि फेसात प्रथिन पसरून खराब होतं. दोन मिनिटांचं लालसेने पाच केलं तर पेशी फुटतात. लक्षण ओळखायला सोपं आहे: द्रव तेलकट, तार धरणारा होतो, पिपेटच्या टोकाला लोंबतो. तो डीएनए. एकदा हे झालं की पेशी सेंट्रीफ्यूजमध्ये नीट बसत नाहीत आणि पेशीच्या आतलं सगळं वाण तंतूंबरोबर चालत येतं. डीएनएझ (डीएनए तोडणारं एंझाइम) घालून चिकटपणा कमी होतो, भेसळ कमी होत नाही. अशी खेप टाकून द्यावी, असं आमचं मत.

ब्लेंडरनंतर 13,000 जीला 30 मिनिटं. पेशी खाली, तंतू वर. वरचा द्रव हलक्या गुलाबी छटेचा असेल. तो पूर्ण ओतून घेण्याचा मोह टाळावा आणि पेलेटवरचे शेवटचे काही मिलिलिटर सोडून द्यावेत.

आता तंतू खाली बसवायला अमोनियम सल्फेट, 10 टक्के संपृक्ततेपर्यंत, म्हणजे दर 100 मिलिलिटरला साधारण साडेपाच ग्रॅम. हे धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्ये) करायचं. पीएच 10.5 ला अमोनियमचा मोठा भाग अमोनिया होऊन उडतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याच अभिक्रियेने द्रावणाचा पीएच घसरतो. बफर 10.5 चा म्हणून बिनधास्त राहू नये. क्षार विरघळल्यावर पीएच पुन्हा मोजावा आणि नोंदवावा. दोन खेपांत तंतू वेगवेगळे वागले तर कारण बहुधा इथेच सापडतं. क्षार चिमटी-चिमटीने, सावकाश ढवळत. एकदम ओतला तर तिथल्या तिथे गुठळ्या होतात आणि त्यांच्या पोटात नको ती प्रथिनं अडकतात.

रात्रभर 4 अंशांवर ढवळत ठेवून सकाळी 13,000 जीला एक तास. पेलेट पातळ, लालसर आणि काचेला पसरून बसलेला असतो. तो थोड्या इथॅनॉलअमाइनमध्ये अलगद सोडवायचा. व्हॉर्टेक्स नको, सोनिकेटर तर नकोच. तंतूंचे तुकडे होतात. मग 23,000 जीला एकदा फिरवून कचरा खाली बसवायचा, वरचा द्रव घेऊन पुन्हा 10 टक्क्यांचा अवक्षेप. ही दुसरी फेरी वेळखाऊ वाटते, पण पुढचं जेलचं चित्र तिच्यामुळेच स्वच्छ येतं.

शेवटी डायलिसिस, म्हणजे मीठ बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याच्या पिशवीत, निर्आयनीकृत पाण्याविरुद्ध. ‘तीनदा पाणी बदललं’ एवढ्यावर थांबू नये. बाहेरच्या पाण्याची वाहकता साध्या कंडक्टिव्हिटी मीटरने मोजावी. ती ताज्या पाण्याइतकी उतरली की मीठ गेलं. या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी चाचणी हीच. उरलेल्या अमोनियम सल्फेटचा पातळ थर दमट हवेत उत्तम वीज वाहून नेतो आणि प्रथिनाचं श्रेय लाटतो.

तयार तंतू 4 अंशांवर ठेवावेत. वारंवार गोठवून वितळवले की जुड्या बनतात आणि मग त्या सुटत नाहीत.

हे आहे तरी काय

पहिली कसोटी स्पेक्ट्रोफोटोमीटर. हवेतला, म्हणजे ऑक्सिडाइज्ड नमुना 409 नॅनोमीटरच्या आसपास एकच ठळक शिखर देतो. त्यात सोडियम डायथायोनाइटचे चार कण टाकायचे. रंग डोळ्यांदेखत लालसर होतो, मोठं शिखर 420 कडे सरकतं आणि 523 व 553 च्या जवळ दोन नवी टोकं उभी राहतात. हे दिसलं म्हणजे नमुन्यात सी प्रकारचं सायटोक्रोम आहे, आणि भरपूर आहे. पिलएमध्ये हीम नाही, त्यामुळे शुद्ध पिलायना ही शिखरं असूच शकत नाहीत. डायथायोनाइट ताजंच हवं. ओल लागलेल्या जुन्या बाटलीतलं घातलं तर काहीच बदलत नाही आणि माणूस उगाच नमुन्यावर शंका घेतो. ते स्वतः 315 नॅनोमीटरजवळ जोरात शोषतं, तेव्हा त्या भागातला चढ प्रथिनाचा समजू नये.

दुसरी कसोटी जेल, म्हणजे प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करणं. इथे एक खाच आहे. हीमचा रंग करायचा असेल तर नमुन्याच्या बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी घालायचं नाही, कारण ही रसायनं हीमच्या पेरॉक्सिडेझ क्रियेची वाट लावतात. जेल चालवून झाल्यावर टेट्रामिथाइलबेंझिडिन, 6.3 मिलिमोलर, मिथेनॉलमध्ये. त्याचे तीन भाग आणि पीएच 5 च्या 0.25 मोलर सोडियम अ‍ॅसिटेटचे सात भाग एकत्र करायचे. त्यात जेल अंधारात तास-दोन तास, अधूनमधून हलवत. मग हायड्रोजन पेरॉक्साइड 30 मिलिमोलर होईल इतकं. काही मिनिटांत निळसर-हिरवे पट्टे उमटतात. ओएमसीएसचा पट्टा 50 किलोडाल्टनच्या जवळ, ओएमसीझेडच्या आखूड रूपाचा 30 जवळ. फोटो लगेच काढावा, पट्टे फिकटतात. त्याच जेलचा रंग काढून मग कुमासी, म्हणजे सगळ्याच प्रथिनांना लागणारा रंग. कुमासीत दिसणारा आणि हीमच्या रंगात न दिसणारा प्रत्येक पट्टा ही भेसळ. अगदी खाली, साडेसहा किलोडाल्टनच्या आसपास काही असेल तर पिलएचा विचार करावा. साध्या जेलमधून इतकं लहान प्रथिन खालून निसटून जातं, त्यासाठी ट्रायसीन जेल लावावं.

तिसरी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची. कार्बन लावलेल्या तांब्याच्या जाळीवर थेंब आणि 2 टक्के युरेनिल अ‍ॅसिटेट. जाळीवर आधी ग्लो डिस्चार्ज केला नाही तर थेंब गोळा होऊन बसतो आणि तंतू एका कोपऱ्यात गुंतवळासारखे सापडतात. ओएमसीएसचा तंतू सुमारे 4 नॅनोमीटर जाड आणि नागमोडी दिसतो, दर 20 नॅनोमीटरला एक वळण. हा आकडा रचनेतूनच येतो: प्रत्येक रेणू 4.67 नॅनोमीटर पुढे सरकतो आणि 83 अंश फिरतो, म्हणजे 360 अंशांचा फेरा जवळपास 20 नॅनोमीटरला पुरा होतो. गुळगुळीत, वळण नसलेला तंतू दिसला तर तो ओएमसीएस नव्हे. खूप जाड, 10 नॅनोमीटरच्या वरचा असेल तर कशाभिका. आणि अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली 2 नॅनोमीटर उंचीची लांबलचक बारीक रेघ दिसली तर ब्लेंडरची आठवण काढावी, ती डीएनए असण्याची शक्यता मोठी. जाडी मोजताना उंचीच धरायची, रुंदी नाही. सुईच्या टोकाच्या जाडीमुळे रुंदी नेहमी फुगून दिसते.

ही उठाठेव टाळायची म्हणून काही जण ई. कोलायकडे वळतात. लव्हली यांच्या गटाने 2020 साली ई. कोलायमध्ये पिलएचे तंतू तयार करून दाखवले. त्यात ऑक्सिजनची कटकट नाही आणि जिओबॅक्टरचे सायटोक्रोमही मध्ये येत नाहीत. पिलायचाच अभ्यास करायचा असेल तर तो रास्त मार्ग. सायटोक्रोमचे तंतू तिथे तितके सोपे नाहीत: एकेका रेणूत सहा-सहा हीम सहसंयुज बंधाने जोडायला पेशीची सीसीएम यंत्रणा चालू असावी लागते. ई. कोलायमध्ये ती हवा असताना झोपलेली असते, म्हणून पीईसी86 सारखा प्लास्मिड सोबत द्यावा लागतो.

वाहकता मोजणं

सोन्याचे दोन पट्टे, मध्ये 50 मायक्रोमीटरची फट, त्यावर तंतूंचा थेंब वाळवायचा. चार टोकांची मांडणी मिळाली तर उत्तमच, संपर्काचा रोध वेगळा काढता येतो. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवावं. त्यावर गेलं की ओल्या थरात पाण्याची आणि अशुद्धींची रसायनं सुरू होतात.

व्होल्टेज लावल्या क्षणी येणारा करंट वाचू नये. आयन सरकतात, इलेक्ट्रोडपाशी साचतात आणि त्यांचा करंट घसरत जातो. इलेक्ट्रॉनांचा करंट टिकतो. आलेख सपाट होईपर्यंत थांबायचं, त्याला मिनिट-दोन मिनिटंही लागतात; मग पुढची पायरी. घाईघाईत झाडलेल्या आय-व्ही स्वीपमध्ये (व्होल्टेज चढवत करंट टिपताना) सुंदर सरळ रेघ येते आणि ती बहुतेक वेळा आयनांची असते.

सोबत तीन नमुने हवेतच: रिकामा इलेक्ट्रोड, शेवटच्या डायलिसिसचं पाणी वाळवलेला इलेक्ट्रोड, आणि तेवढ्याच वजनाचं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन. अल्ब्युमिनही दमट हवेत काही ना काही दाखवतंच. तुमचा तंतू त्याच्या किती पट वर आहे, तो खरा आकडा.

पीएचही लिहून ठेवावा. अ‍ॅमहर्स्टच्या गटाने 2016 साली एकेका तंतूवर केलेल्या मोजणीत पीएच 7 ला सेंटिमीटरला सुमारे 51 मिलिसीमेन्स आणि पीएच 2 ला 188 असे आकडे दिले आहेत. म्हणजे पीएच न सांगता दिलेला वाहकतेचा आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

आर्द्रता हा मोठाच विषय. एसीच्या खोलीतलं रीडिंग आणि मुंबईत जुलैमध्ये खिडकी उघडी असतानाचं रीडिंग शेजारी ठेवूच नये. महागडी चेंबर लागत नाही, झाकणाचा डबा आणि संपृक्त क्षार पुरतात. 25 अंशांवर लिथियम क्लोराइडवर 11 टक्के आर्द्रता राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवर 33, पोटॅशियम कार्बोनेटवर 43, सोडियम ब्रोमाइडवर 58, साध्या मिठावर 75, पोटॅशियम सल्फेटवर 97. द्रावणात न विरघळलेले खडे दिसत राहिले पाहिजेत. थर डब्यात ठेवून आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं, आणि आर्द्रता चढवताना व उतरवताना दोन्ही वेळा मोजायचं. दोन वाटांवर आकडे जुळले नाहीत तर थर अजून पाणी पितोय.

हवेतून वीज

2020 साली अ‍ॅमहर्स्टच्या जून याओ आणि लव्हली यांनी ‘नेचर’मध्ये छापलेल्या उपकरणामुळे या तंतूंची सर्वत्र चर्चा झाली. सुमारे 7 मायक्रोमीटर जाडीचा थर, खाली पूर्ण इलेक्ट्रोड, वर लहानसा. थराची वरची बाजू हवेला उघडी. वर ओल जास्त, खाली कमी, आणि या फरकावर सुमारे अर्धा व्होल्ट व चौरस सेंटिमीटरला 17 मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट.

करून बघायचं तर साहित्य किती लागेल? खालचा इलेक्ट्रोड 5 बाय 5 मिलिमीटर धरला तर 7 मायक्रोमीटर थराचं घनफळ 0.175 घन मिलिमीटर. प्रथिनाची घनता 1.35 धरून सुमारे पाव मिलिग्रॅम. पातळ द्रावणाचा एकच मोठा थेंब टाकला तर वाळताना सगळं कडेला जातं आणि मधोमध थर उरत नाही. म्हणून लहान थेंब, एकावर एक, गरम तव्यावर 80 अंशांच्या आसपास. हे तंतू तेवढं तापमान सोसतात. भेग पडली तर वरचा इलेक्ट्रोड भेगेतून खालच्याला टेकतो आणि व्होल्टेज शून्य. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच धातूचे हवेत, सोनं किंवा कार्बन. खाली तांबं आणि वर अ‍ॅल्युमिनियम लावलं तर ओल्या कागदावरही अर्धा व्होल्ट मिळतो, त्याला जंतू लागत नाहीत.

इथे मूळ प्रश्न परत उभा राहतो. याच गटाने 2023 साली दाखवलं की 100 नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रं असलेल्या कुठल्याही पदार्थात हा परिणाम मिळवता येतो. तेव्हा उपकरणाने व्होल्टेज दिलं यावरून तुमचे तंतू पिलायचे की सायटोक्रोमचे, किंबहुना वाहक आहेत की नाहीत, यातलं काहीच ठरत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रम आणि जेलच. उपकरणाची खरी चाचणी उलटी करायची: वरची बाजू इपॉक्सीने बंद करा. व्होल्टेज ओसरलं पाहिजे. तसंच राहिलं तर ते ओलीच्या फरकातून येत नाही, इलेक्ट्रोडच झिजतोय.

ताकदीबद्दलही भ्रम नको. अर्धा व्होल्ट आणि 17 मायक्रोअँपिअर एकाच वेळी मिळत नाहीत. साध्या अंतर्गत रोधाचा विचार केला तर जास्तीत जास्त शक्ती त्यांच्या गुणाकाराच्या पाव, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन मायक्रोवॅटच्या थोडी वर. दहा वॅटच्या दिव्याला एका थरात 470 चौरस मीटर लागतील. थरांवर थर रचता येतात हे खरं, पण मधे हवा खेळती ठेवून.

मोजताना मल्टीमीटरही फसवतो. वरचा इलेक्ट्रोड एक चौरस मिलिमीटरचा असेल आणि करंट त्याच क्षेत्रफळावर धरला तर तो फक्त 0.17 मायक्रोअँपिअर, म्हणजे उपकरणाचा अंतर्गत रोध जवळजवळ 3 मेगाओम. नेहमीच्या डिजिटल मल्टीमीटरचा इनपुट रोध 10 मेगाओम असतो. खरा अर्धा व्होल्ट त्यावर 0.39 दिसतो, आणि थर बिघडला असं समजून माणूस नवा थर टाकायला बसतो. गिगाओमच्या पुढचा इनपुट असलेला इलेक्ट्रोमीटर नसेल तर उपकरणाला समांतर आणखी एक 10 मेगाओमचा रोध जोडून दुसरं रीडिंग घ्यावं. दोन रीडिंगांवरून अंतर्गत रोध आणि खरं व्होल्टेज दोन्ही काढता येतात. वहीत आकड्याशेजारी त्या वेळची आर्द्रता, तापमान, वरच्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ आणि मीटरचा इनपुट रोध लिहावा.